प्रणालीचं वाक्य

सगळा घोळ गुरुवारी चौथ्या तासाला झाला, आणि तोही आनंदाच्या भरात. दुःखात माणूस सहसा चुकत नाही, तेव्हा तो जपून पाय टाकतो. खूश झाला की मात्र घसरतो. आचल राखोंडे त्या दिवशी खूश झाली होती.

अमरावतीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती अकरावीला इंग्रजी शिकवायची. त्या दिवशी फळ्यावर वाक्प्रचार होता, बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून इन वन्स माउथ. म्हणजे तोंडात चांदीचा चमचा घेऊनच जन्माला येणं. ज्याला काही मिळवावं लागत नाही, ज्याच्या जन्माआधीच सगळं घरात येऊन बसलेलं असतं, त्याच्याबद्दल इंग्रज असं म्हणतात, हे तिने सांगितलं. मागच्या बाकावरून एकाने शंका काढली.

"मॅडम, माह्या मामानं उष्टावणाले चांदीचा चमचा देल्ला होता. मंग मीबी त्यातलाच का?"

वर्ग हसला. आचल म्हणाली, "बाळाच्या पहिल्या घासाला मामाने चमचा दिला, चांगलं केलं. पण तो आता तुझ्या आईने कपाटात कापडात गुंडाळून ठेवला असेल. हो ना? आपण म्हणतो त्या माणसाच्या घरी तो जपून ठेवत नाहीत. त्याने रोज जेवतात."

मग तिने सांगितलं, वाक्यात उपयोग करा. वर्गाने माना खाली घातल्या. कोणी लिहिलं, श्रीमंत माणूस चांदीचा चमचा घेऊन जन्मतो. कोणी लिहिलं, राजपुत्र चांदीचा चमचा घेऊन जन्मतो. गाईडातलं उचलून वहीत ठेवलेलं सगळं. आणि तेवढ्यात खिडकीजवळून एक हात वर आला.

हात प्रणाली बेठेकरचा होता. धारणीच्याही पलीकडे, जीप जिथे थांबते तिथून पुढे चालत जावं लागतं, अशा गावची कोरकू आदिवासी मुलगी. संस्थेच्या मोफत वसतिगृहात राहायची. जूनपासून पाच महिने झाले, तिने वर्गात हजेरीशिवाय तोंड उघडलं नव्हतं, आणि हजेरीही अशी द्यायची की पुन्हा विचारावं लागे. ती उभी राहिली आणि एका दमात बोलून गेली, "अंकुर वॉज बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून इन हिज माउथ. ही इज नेव्हर लेट. द क्लास इज अर्ली."

अंकुर कधी उशिरा येत नाही, वर्गच लवकर भरतो. अर्धा वर्ग लगेच हसला, उरलेल्या अर्ध्याला शेजाऱ्याने समजावल्यावर हसू आलं. अंकुर हा संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव यांचा नातू. दुसरा तास अर्धा झाल्यावर त्याची गाडी फाटकात शिरायची, आणि हजेरीपटावर तो रोज पहिल्या मिनिटाला हजर असायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं मात्र कोणी नव्हतं, मराठीतही नाही.

आचलला इतका आनंद झाला की तिचं भान सुटलं. आठ वर्षं मास्तरकी केल्यावर असा क्षण हाताला लागतो आणि तोही पुस्तकाबाहेरचा. तिने खडू घेतला, अख्खं वाक्य मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं, नावासकट, आणि खाली रेघ ओढून लिहिलं, "उत्तम, प्रणाली."

टक् असा बारीक आवाज झाला. तिने वळून पाहिलं. दुसऱ्या बाकावर अंकुर हसत होता आणि त्याच्या हातात फोन होता. वर्गात शिरताना सगळ्यांचे फोन शिपाई पेटीत जमा करून घेतो, अंकुरची पेटी अजून कोणी बनवलेली नव्हती. त्याने फळ्याचा फोटो काढला, फोन खिशात टाकला आणि पुन्हा वही उघडली. आचल फळ्याकडे धावली. डस्टर सापडेना, तिने तळहाताने फळा पुसला. हात पांढराफटक झाला आणि वाक्य तरीही पुसट दिसतच राहिलं.

आता हिच्या भीतीला कारण काय होतं, ते सांगायला हवं, नाहीतर एका फोटोने बाई एवढी का गळाली असं वाटेल. आचल आठ वर्षं तासिका तत्त्वावर होती. म्हणजे तास घेतला तर शिक्षिका, नाही घेतला तर कोणी नाही. दर जूनला नव्याने अर्ज, दर जूनला तीच धाकधूक. राहायची अकोल्याला, सासरी. पहाटे उठून डबा करून गाडीने बडनेऱ्याला, तिथून ऑटोने कॉलेजात, संध्याकाळी तसंच परत. अप-डाऊन करता करता तिचे केस पिकायला लागले होते. यंदा पहिल्यांदाच इंग्रजीची एक कायम जागा भरायची होती. मुलाखत येत्या मंगळवारी. समितीत पाच जण होते, पण त्यातले चार चहा प्यायला असतात आणि पाचवे भगवंतराव, हे अमरावतीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ही जागा गेली तर दुसरी निघेपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं.

त्याच दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातल्या मनोज बाबूचा फोन आला.

"मॅडम, शनिवारी अकरा वाजता बंगल्यावर या. साहेबायनं बलावलं."

"कशासाठी हो, मनोजभाऊ?"

"थे नाई सांगतलं. टाइमावर या फक्त."

 आठ वर्षांत भगवंतरावांनी तिला कधी बंगल्यावर बोलावलं नव्हतं. नाव तरी माहीत असेल की नाही कोण जाणे. आणि आज फोटो, आज फोन. दोन आणि दोन चार करायला गणिताची बाई लागत नाही.

अकोल्याला तिच्या नवऱ्याचं, नितेशचं, फुलांचं दुकान. पाटी सासऱ्यांच्या नावाची, सासरे रामराव जाऊन सहा वर्षं झाली तरी. ती पोचली तेव्हा नितेश गुलछडी ओवत होता आणि सासूबाई, आशाबाई, शेवंतीचे देठ खुडत बसल्या होत्या. आचलने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नितेश म्हणाला, "एवढं काय त्यात? पोट्टे आहेत, हासले." पण त्याचाही हात थांबला होता.

आशाबाईंचा थांबला नाही. देठ खुडता खुडता त्या म्हणाल्या, "आंधी माफी, मंग रामराम."

हा या घरातला नियम होता, आणि त्याला इतिहास होता. फार वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या सत्कारात रामरावांनी बांधलेला हार भर मंचावर तुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी बोलवायच्या आत, रामराव नवा हार घेऊन त्या पुढाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. तेव्हापासून त्या पुढाऱ्याचा एकही कार्यक्रम यांच्या हाराशिवाय झाला नाही. घरात सुनेला कुंकवाआधी ही गोष्ट सांगितली जाते असं नितेश गमतीने म्हणायचा.

"मोठ्या मानसानं तोंड उघडलं का मंग आपल्याले जागा राहत नाई," आशाबाई म्हणाल्या. "त्यानं काई म्हनाच्या आंधी पाय धर. त्याले वाटलं पायजे का हे लोकं आपल्याले भेतात. भेनाऱ्या मानसाले कोनी काहाडत नाई, बाई."

आचलला ते पटलं. इतकं पटलं की तिला रडूच आलं.

शुक्रवारचा दिवस तिने कसा काढला तिचं तिला माहीत. एकदा मनात भीती शिरली की जग चिठ्ठ्या वाचून दाखवायला लागतं. प्राचार्यांनी मान वर केली नाही, म्हणजे त्यांना कळलंय. शिपायाने चहा आधी दुसऱ्या मॅडमना दिला, म्हणजे त्यालाही कळलंय. अंकुर वर्गात आला नाही, म्हणजे तर संपलंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, हिच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

मधल्या सुट्टीत प्रणाली स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. कालपर्यंत जी मान वर करत नव्हती, ती आज सरळ डोळ्यांत बघत होती.

"मॅडम, मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. तुमचं उत्तम बी लिहलं. अन् आणखी दोन बनवले. दाखवू?"

"ते पान फाडून टाक," आचल हळू आवाजात म्हणाली. बाजूच्या खुर्चीवर कोणी ऐकत तर नाही ना हे तिने आधी पाहिलं.

"काऊन, मॅडम? चुकलं का?"

"चुकलं नाही. फाड म्हटलं ना. आणि कोणाला दाखवू नकोस."

प्रणालीने वही छातीशी धरली आणि ती निघून गेली. पान फाडलं की नाही, आचलला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

शनिवारी नितेशने पहाटे उठून हार बांधला. असा हार त्याने स्वतःच्या लग्नातही बांधला नव्हता. गुलछडीचा जाड दोर, मध्ये शेवंतीचे गोंडे, खाली गुलाबाचं पदक. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर पिशवी. आचल तो मांडीवर घेऊन गाडीत बसली. समोरच्या बाईने विचारलं, "लगन आहे का कोनाचं?" आचलने नकारार्थी मान हलवली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "मंग मयत असंन."  तिला ते फारसं चुकीचं वाटलं नाही.

गाडी सुटली आणि ती मनात बोलायचं जुळवू लागली. बोरगाव येईपर्यंत वाक्य स्वच्छ होतं. साहेब, चूक माझी आहे, मी फळ्यावर लिहिलं, मला माफ करा. बस. शिक्षिकेला शोभणारं. पण बोरगाव गेलं आणि तिला मंगळवार दिसायला लागला. मुर्तिजापूर येईपर्यंत वाक्य थोडं बदललं होतं. साहेब, मी फक्त लिहिलं, बोललं दुसऱ्या कोणीतरी. खोटं नव्हतं ते. कुरूमला गाडी पाच मिनिटं उभी राहिली, तेवढ्यात त्यात आणखी एक शब्द शिरला, वसतिगृहातली एक मुलगी. दर स्टेशनला तिची स्वतःची चूक थोडी थोडी उतरत होती आणि तिच्या जागेवर दुसरं कोणी चढत होतं, आणि हे तिला कळतही होतं. नाव मात्र घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. बडनेऱ्यापर्यंत तरी तिने ते घेतलं नाही.

कॅम्प भागातला भगवंतरावांचा बंगला तिने बाहेरून अनेकदा पाहिला होता. आत पहिल्यांदाच शिरत होती. व्हरांड्यात बाकावर पाच-सहा माणसं आपापले कागद घेऊन बसली होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पावणेअकरा ते सव्वाअकरा ती तशीच बसून राहिली. हाराचं पाणी पिशवीतून गळून साडीवर डाग पडला.  शेवटी मनोज बाहेर आला आणि म्हणाला, "या मॅडम."

खोलीत भगवंतराव मोठ्या टेबलामागे बसले होते. सत्तरीचे, पांढरा सदरा, एक बाही दंडापर्यंत वर केलेली. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधलेला आणि टेबलावर ते यंत्र घरघरत होतं. मनोज त्याच्यावर डोळे लावून उभा. आचलने वाकून नमस्कार केला. भगवंतराव काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मोकळ्या हाताचं एक बोट वर केलं आणि तिच्याकडे पाहिलं.

थांबा, एवढाच त्या बोटाचा अर्थ होता. पट्टा फुगत असताना बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. पण दोन दिवस धड न जेवलेल्या बाईला ते बोट तसं दिसलं नाही. तिला ते धमकीसारखं दिसलं. हा माणूस बोलतही नाही, म्हणजे आता तोंड उघडणार ते शेवटचं सांगायलाच. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत आपण, हे तिच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

"साहेब, माफ करा," ती म्हणाली. "चूक झाली. फळ्यावरचं ते वाक्य माझं नव्हतं साहेब. मी फक्त लिहिलं. अंकुरचं नाव मी घेतलं नाही. चांदीच्या चमच्याचं वाक्य करायला सांगितलं होतं, त्यात त्या मुलीने अंकुरचं नाव घातलं. वसतिगृहातली आहे. धारणीकडची. प्रणाली, प्रणाली बेठेकर. ती बोलली आणि मी न समजता लिहिलं. आठ वर्षांत माझी कधी तक्रार नाही साहेब. मंगळवारी मुलाखत आहे माझी."

यंत्र घरघरत होतं. भगवंतरावांची नजर तिच्यावर होती आणि ओठ मिटलेले होते. त्या शांततेला भिऊन ती आणखी बोलली. फोटो, फळा, वर्गाचं हसणं, दुसऱ्या तासाला येणारी गाडी, काही म्हणजे काही ठेवलं नाही. मग तिने पिशवीतून हार काढून टेबलावर ठेवला. यंत्र पीं पीं करून थांबलं.

मनोज म्हणाला, "एकशे अडतीस, नव्वद."

भगवंतरावांनी पट्टा सोडवून घेतला, बाही सावकाश खाली केली. मग त्यांनी विचारलं, "कोनतं वाक्य, मॅडम?"

आचलने आधी हाराकडे पाहिलं, मग मनोजकडे.

"मले तं कोनी काईच सांगतलं नाई. मी तुमाले दुसऱ्याच कामाले बलावलं. डिसेंबरात संस्थेचा कार्यक्रम आहे, बाहेरदेशातून पाव्हने येनार. त्याइच्यासाठी इंग्रजीतून स्वागताचं भाषण पायजे. प्राचार्य म्हने, राखोंडे मॅडमचं इंग्रजी चांगलं आहे." त्यांनी खुर्ची दाखवली. "बसा. अन् आता थे वाक्य सांगा."

 ती बसली. वाक्य सांगितलं. अर्थ सांगताना जीभ जड झाली. "म्हणजे साहेब, भाग्यवान. जन्मतःच भाग्यवान, असा अर्थ होतो."

"मॅडम, मी बी मॅट्रिक आहे," भगवंतराव शांतपणे म्हणाले. "जे कमावलं नाई थे ज्याले भेटते, असाच अर्थ ना? अन् पुढचं काय होतं?"

"तो कधी उशिरा येत नाही. वर्ग लवकर भरतो."

भगवंतराव हसायला लागले. मनापासून हसले, डोळे पुसले. मनोजही हसला, साहेब हसले म्हणून. आचलच्या अंगातून घामाबरोबर भीती वाहून जायला लागली. सुटलो, असं तिला वाटलं. तिने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

"पोरगी हुशार आहे," भगवंतराव म्हणाले.

"हो साहेब, खूप हुशार आहे."

"नाव काय म्हनलं? बेठेकर. आपल्याच होस्टेलात जेवते ना?" ते मनोजकडे वळले. "लिहून घे. पुढच्या सालची होस्टेलची यादी बनते तवा हे नाव मले इचारजो."

"साहेब, ती लहान आहे," आचल म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही.

"म्हनून तं यंदा राहू देतो. परीक्षा होऊ द्या तिची. कोनाचं वर्ष वाया घालवाचं नाई आपल्याले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. उद्या पाऊस येईल असं म्हणावं, तसं त्यांनी ते म्हटलं. "होस्टेल फुकट आहे, मॅडम. फुकटाचं खाऊन हुशारी आमच्यावरच दाखवाची म्हनलं तं कसं होईन? तिची जागा घ्याले शंभर पोरी बसल्या आहेत."

आता बोलायची वेळ होती. ते वाक्य माझं होतं, मी शिकवलं म्हणून तिला सुचलं, फळ्यावर मी लिहिलं, तिला ठेवा आणि मला काढा. बोरगाव स्टेशनपर्यंत चूक तिची स्वतःचीच होती ना? तिने तोंड उघडलं.

"काई म्हनता?" भगवंतरावांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मंग मंगळवारचं टेन्शन घेऊ नका. जे मानूस सोताहून येऊन सांगते, थे आपलं मानूस. आजकाल कोन सांगते?" त्यांनी हाराला हात लावून पाहिला. "हार कोनं बांधला? झकास आहे. डिसेंबरातले हार बी तुमच्याकडूनच घेऊ."

ती बाहेर आली तेव्हा ऊन चढलं होतं. फाटकाजवळ अंकुर गाडीला टेकून उभा होता. आतलं बोलणं त्याने ऐकलं असावं, खोलीची खिडकी तिकडेच उघडत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "तो फोटो मी कोनालेच दाखवला नवता."

"मग काढला कशाला?"

"आवडलं मले. खरं आहे ना थे." त्याने फोन खिशातून काढला आणि परत ठेवला. "शुक्रवारी मी नागपूरले गेलो होतो, मामाकडे. तुमी काऊन सांगतलं आजोबाले?"

 सतरा वर्षांचा तो मुलगा तिच्याकडे नवलाने बघत होता, आणि तिला त्याचा संताप आला. याला काय जातंय विचारायला? स्वतःवरचा विनोद आवडून घ्यायला, फोटो काढून ठेवायला, खरं आहे म्हणायला याला काहीच लागत नाही. तिने वर्गात अर्थ सांगताना पैसा सांगितला, घर सांगितलं, गाडी सांगितली. हा मुलगा कशालाच भीत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. खरं तर तेच पहिलं सांगायला हवं होतं.

"मी बोलून पाह्यतो आजोबासोबत," अंकुर म्हणाला. "पन त्याइनं एकदा लिहून घेतलं का मंग कठीण जाते." आणि तो जेवायला आत गेला.

घरी तिने अर्धंच सांगितलं. साहेब चांगलं बोलले, हार आवडला, डिसेंबरची ऑर्डर दिली. आशाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "पाह्य," त्या म्हणाल्या, "आंधी माफी मांगली म्हनून." नितेशने रात्रीच्या जेवणाला श्रीखंड आणलं. आचलने ताटातलं सगळं खाल्लं, कारण न खाल्लं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं.

मंगळवारी मुलाखत झाली. चौघे चहा प्यायले. भगवंतरावांनी एकच प्रश्न विचारला, माहेर पातूरचं का, आणि ती हो म्हणाल्यावर म्हणाले, चांगले लोकं आहेत पातूरचे. बुधवारी सकाळी मनोजने तिच्या हातात नेमणुकीचं पत्र ठेवलं. आठ वर्षं ज्या कागदाची तिने वाट पाहिली, तो कागद तिने न वाचताच पर्समध्ये घातला. आनंदाने वाचायचंही सुचत नसणार, असं मनोजला वाटलं.

चौथ्या तासाला ती अकरावीच्या वर्गात गेली. कोणीतरी आधीच बातमी आणली होती, मुलांनी टाळ्या वाजवल्या. अंकुरचा बाक रिकामा होता. आचलने पुस्तक उघडलं आणि नवा धडा सुरू केला. पूर्ण तासभर तिने खिडकीकडे पाहिलं नाही. तिला भीती वाटत होती, आणि या वेळी कोणा साहेबाची नाही. खिडकीजवळ बसलेल्या त्या मुलीची. तिला आजच गाठून सांगता आलं असतं, पोरी, पुढच्या वर्षाची सोय आतापासून बघ, दुसरं होस्टेल शोध, मी अर्ज लिहून देते. पण मग ती विचारणार, काऊन मॅडम? आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं असतं.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला आणि प्रणाली टेबलाशी आली. तिच्या हातात वहीच्या कागदाची घडी होती. उलगडली तर आत रंगीत पेनने काढलेली फुलांची वेल, आणि मध्ये इंग्रजीत, एकही चूक नसलेलं, अभिनंदन.

"होस्टेलच्या सगळ्या पोरीयनं मिळून केलं, मॅडम. लिहलं मी." ती पहिल्यांदाच हसली, दात दिसेपर्यंत. "थे पान मी नाई फाडलं. तुमी रागावसान म्हनून सांगतलं नवतं. माह्या बाबाले वाचून दाखवलं फोनवर. त्याइले काई समजलं नाई, पन त्याइनं दोनदा वाचाले लावलं."

आचलने कागदाची घडी घातली. ती नीट बसेना, तिने पुन्हा घातली.

"मॅडम, आता तुमी कायमच्या झाल्या ना?" प्रणालीने विचारलं. "म्हंजे पुढच्या साली बारावीले आमाले तुमीच असान?"

"हो," आचल म्हणाली. "मी असेन."